रक्तवाहिन्या : रचना, कार्य आणि आपली जबाबदारी

वार्षिक अहवालातील आकडेवारी विभागवार मांडावी लागते. हृदयरोग विभाग, डायलिसिस कक्ष, मधुमेह बाह्यरुग्ण विभाग, पक्षाघाताचे रुग्ण, शस्त्रक्रिया विभाग असे स्वतंत्र रकाने हिशेबाच्या दृष्टीने आवश्यकच असतात. परंतु या वेगवेगळ्या रकान्यांत नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी फार मोठ्या संख्येचा आजार मुळात एकाच ठिकाणचा असतो. ते ठिकाण म्हणजे रक्तवाहिनी. हृदयविकाराचा झटका हा हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिनीचा आजार आहे. बहुतांश पक्षाघात हा मेंदूच्या वाहिनीचा आजार आहे. मधुमेही रुग्णाच्या पायाचे न भरणारे व्रण आणि मूत्रपिंडांचा ऱ्हास यांतही वाहिन्यांचाच वाटा मोठा असतो.

रुग्णांचे नातेवाईक चौकशी खिडकीवर आम्हांस काही प्रश्न पुनःपुन्हा विचारतात. आजार किडनीचा आहे, मग शस्त्रक्रिया हाताची कशासाठी? साखरेच्या आजारात पायाचे बोट काढण्याची वेळ का यावी? शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला चालावयास का लावता? रक्तदाब वाढलेला असला तरी काहीच त्रास होत नाही, मग गोळी रोज का घ्यावयाची? या प्रश्नांची उत्तरे खिडकीवर उभ्या उभ्या देता येत नाहीत. ती सर्व रक्तवाहिनीच्या रचनेत दडलेली आहेत. म्हणून यंदाच्या अहवालात हा विषय घेतला आहे. लेख प्रशासनाच्या वतीने लिहिला असून त्यातील वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टरांनी तपासून दिला आहे.

अभिसरणाचा शोध : एक साधा हिशेब

रक्त शरीरात फिरते, ही गोष्ट आज शाळकरी मुलांसही ठाऊक असते. तथापि सुमारे दीड हजार वर्षे युरोपातील वैद्यक असे मानत आले होते की, खाल्लेल्या अन्नापासून यकृतात रक्त सतत तयार होते आणि शरीराच्या निरनिराळ्या भागांत ते खर्ची पडते. ग्रीक वैद्य गेलन याच्या ग्रंथांतून ही समजूत रूढ झाली होती. इंग्लंडमधील विल्यम हार्वे यांनी इ. स. १६२८ मध्ये आपल्या ग्रंथात ती खोडून काढली आणि त्यासाठी त्यांनी इतर पुराव्यांबरोबर चक्क जमाखर्चाचा आधार घेतला.

हृदयाच्या एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात किती ठोके पडतात, यांचा गुणाकार त्यांनी केला. एका ठोक्याचे रक्त अगदी कमी धरले, तरी येणारा आकडा संपूर्ण शरीरातील रक्तापेक्षा अधिक भरत होता. एवढे रक्त अन्नापासून दर अर्ध्या तासाला नव्याने तयार होणे अशक्यच होते. तेव्हा तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असले पाहिजे, हा निष्कर्ष अटळ होता.

आजच्या मोजमापानुसार विश्रांत अवस्थेतील प्रौढ व्यक्तीचे हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर आणि मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलते. दिवसाचा हिशेब ७,००० लिटरच्या वर जातो. उन्हाळ्यात आपल्या गावोगाव फिरणारा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर डोळ्यांपुढे आणल्यास या कामाची कल्पना येईल. प्रत्यक्षात शरीरात असलेले रक्त मात्र सुमारे ५ लिटरच असते.

हार्वे यांच्या मांडणीत एक दुवा अपुरा राहिला होता. धमनीतील रक्त शिरेत नेमके कसे पोहोचते, हे त्यांना पाहता आले नाही. १६५७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीतील मार्चेल्लो माल्पिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केसाहूनही बारीक वाहिन्यांचे जाळे पाहिले आणि वर्तुळ पूर्ण झाले.

वाहिनीची भिंत : तीन थर

अनेक वाचकांना शाळेत शिकलेले रोहिणी आणि नीला हे शब्द आठवत असतील. हृदयाकडून रक्त दूर नेणारी ती रोहिणी अथवा धमनी; हृदयाकडे रक्त परत आणणारी ती नीला अथवा शीर. या दोहोंना जोडणाऱ्या त्या केशवाहिन्या. धमन्यांत नेहमी शुद्ध रक्त असते असे समजले जाते. ते सर्वस्वी खरे नाही. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीत प्राणवायू कमी असलेलेच रक्त असते. नाव ठरते ते प्रवाहाच्या दिशेवरून.

धमनी आणि शीर या दोहोंच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांत बाहेरचा थर चिवट तंतूंचा असून तो वाहिनीला आजूबाजूच्या भागाशी बांधून ठेवतो. मोठ्या वाहिन्यांच्या या थरात त्यांच्या स्वतःच्या भिंतीला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही असतात. मधला थर स्नायू आणि लवचिक तंतू यांचा असतो. हा स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही. मज्जातंतू आणि रक्तातील रसायने त्याला आकुंचनाचे वा शिथिलतेचे आदेश देतात. धमनीत हा मधला थर जाड असतो, शिरेत पातळ.

सर्वांत आतला थर हा या लेखाचा खरा नायक आहे. तो केवळ एका पेशीच्या जाडीचा असतो. फरशा बसवाव्यात तशा चपट्या पेशी एकमेकींस लागून बसलेल्या असतात आणि रक्ताचा प्रत्यक्ष स्पर्श फक्त त्यांनाच होतो. हे अस्तर म्हणजे नळाच्या आतल्या गुळगुळीत मुलाम्यासारखे निर्जीव आवरण आहे, असेच बराच काळ मानले जात होते. १९८० मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिले की, हे अस्तर शाबूत असेल तरच ठरावीक रसायनाच्या प्रभावाने धमनी सैल पडते. अस्तर खरवडून काढले तर तीच धमनी सैल पडेनाशी होते. अस्तरातील पेशी जो निरोप स्नायूला पाठवितात, तो नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू आहे, हे पुढे सिद्ध झाले. या संशोधनाबद्दल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवण्यास दिली जाणारी गोळी हाच वायू निर्माण करून वाहिन्या सैल करते.

रक्त वाहिनीच्या आत गोठू नये, याची काळजीही हेच अस्तर घेते. थोडक्यात, रक्तवाहिनी ही नळी नसून जिवंत अवयव आहे. नळी गंजली तर बदलता येते. शरीरातील अब्जावधी पेशींचे हे अस्तर कोणत्याही शस्त्रक्रियेने बदलता येत नाही. ते राखावेच लागते.

धमन्या : साठवण आणि वाटप

हृदयातून निघणारी महाधमनी सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाची असते. हृदय रक्त झटक्याझटक्याने सोडते. दोन ठोक्यांच्या मध्ये ते काहीच सोडत नाही. तरीही आपल्या अवयवांना रक्त अखंड मिळते, कारण महाधमनीची लवचिक भिंत ठोक्याबरोबर ताणली जाते आणि ठोका संपल्यावर मूळ स्थितीत येताना साठलेले रक्त पुढे ढकलते. रक्तदाबाचे दोन आकडे असतात ते यामुळेच. १२०/८० यातील वरचा आकडा ठोक्याच्या वेळचा, खालचा दोन ठोक्यांमधील विश्रांतीचा. वयोमानाने धमन्यांचा लवचिकपणा कमी होतो, म्हणूनच उतारवयात वरचा आकडा वाढलेला अधिक आढळतो.

पुढे धमन्यांना फाटे फुटत जातात आणि अखेरीस अर्धा मिलिमीटरहूनही बारीक सूक्ष्मधमन्या तयार होतात. कोणत्या अवयवाला किती रक्त द्यावयाचे, याचा निर्णय मुख्यतः येथे होतो. नगरपालिकेचा पाणी सोडणारा कर्मचारी जसा एका पेठेची चावी बंद करून दुसऱ्या पेठेची उघडतो, तसेच काम सूक्ष्मधमन्यांच्या भिंतीतील स्नायू क्षणोक्षणी करीत असतो. जेवणानंतर आतड्यांकडे, चढ चढताना पायांच्या स्नायूंकडे रक्त वळविले जाते.

या वाटपाचे अंदाजपत्रक पाहण्यासारखे आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळी त्याला सुमारे १५ टक्के रक्त मिळते. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरते, परंतु त्यांचा वाटा सुमारे २० टक्के असतो. साहजिकच वाहिन्या बिघडू लागल्या की ज्यांचा वाटा मोठा, त्या अवयवांना झळही लवकर पोहोचते.

येथे भौतिकशास्त्राचा एक नियम समजून घेणे आवश्यक आहे. फ्रेंच वैद्य आणि शास्त्रज्ञ प्वाझय यांनी १८४० च्या दशकात बारीक नळ्यांवर प्रयोग करून तो मांडला. इतर परिस्थिती तीच राहिल्यास नळीतील प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. म्हणजे नळी निम्मी अरुंद झाली तर प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळाव्या हिश्शावर येतो. प्रत्यक्ष शरीरात इतर घटकही काम करीत असल्यामुळे हा नियम तंतोतंत लागू पडत नाही. तरीही सूक्ष्मधमन्यांच्या किंचित हालचालीने रक्ताचे एवढे मोठे वाटप कसे साधते, आणि वाहिनी आतून थोडी अधिक अरुंद होताच रुग्णाची प्रकृती एकाएकी का ढासळते, याचे स्पष्टीकरण त्यात मिळते.

केशवाहिन्या : देवाणघेवाणीची जागा

हृदय, धमन्या आणि शिरा ही सर्व व्यवस्था ज्या कामासाठी आहे, ते काम केशवाहिन्यांत होते. त्यांची भिंत म्हणजे केवळ ते एका पेशीचे अस्तर आणि त्याखालचा एक अतिपातळ पडदा. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. कित्येक ठिकाणी तांबड्या पेशीला वाकून, एकेरी रांगेनेच जावे लागते. महाधमनीत सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या आसपास वेगाने धावणारे रक्त येथे सेकंदाला एखाद्या मिलिमीटरपर्यंत मंदावते. हा संथपणा हेतुपूर्वक आहे. प्राणवायू आणि पोषकद्रव्ये पेशींना देऊन टाकाऊ द्रव्ये परत घेण्यास त्यामुळे अवधी मिळतो.

शरीरातील सर्व वाहिन्यांची लांबी एक लाख किलोमीटर भरते, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. या आकड्याचे मूळ डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोघ यांच्या १९२२ मधील ग्रंथात आहे. एखाद्या माणसाच्या अंगी ५० किलो स्नायू असल्याचे धरून त्यांनी तो अंदाज केला होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरगणनेत ही लांबी साधारण ९,००० ते १९,००० किलोमीटर एवढीच येते. आकडा उतरला तरी आश्चर्य उतरत नाही. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर कित्येकदा व्यापेल एवढे हे जाळे आपल्या प्रत्येकात आहे.

मूत्रपिंडातील केशवाहिन्यांचे गुच्छ हा या जाळ्याचा विशेष नमुना होय. तेथे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात घेतला जाऊन साधारण दीड लिटर लघवी उरते. रक्तदाब किंवा रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तर हे नाजूक गुच्छ एकेक करून निकामी होतात. त्यात वेदना होत नाही. रुग्णाला जेव्हा सूज, धाप आणि मळमळ जाणवू लागते, तेव्हा बरेचसे गुच्छ गेलेले असतात आणि ते परत येत नाहीत.

शिरा : परतीचा प्रवास

केशवाहिन्यांतून बाहेर पडलेल्या रक्ताचा दाब फारच कमी झालेला असतो. तरीही त्याला पावलांपासून छातीपर्यंत चढावयाचे असते. यासाठी निसर्गाने दोन योजना केल्या आहेत. पहिली, पायांच्या शिरांतील झडपा. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली घसरू देत नाहीत. दुसरी, पोटरीचे स्नायू. चालताना ते आवळले गेले की त्यांमधील शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. पोटरीला दुसरे हृदय म्हणण्याचा प्रघात आहे तो यामुळे.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णास लवकर चालावयास लावण्याचे कारण येथे आहे. खाटेवर निश्चल पडून राहिल्यास पोटरीचा हा पंप बंद पडतो, खोल शिरांत रक्त साकळते आणि गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते. रुग्णाला चालावयास सांगणारी परिचारिका निष्ठुर नसते. ती ही गुठळी टाळीत असते. अर्थात केव्हा उठावयाचे, हे शस्त्रक्रियेच्या स्वरूपानुसार डॉक्टरच ठरवितात. दिवसभर उभे राहून काम करणारे वाहतूक पोलीस, शिक्षक, दुकानातील कामगार यांच्या पायांवर फुगलेल्या, नागमोडी शिरा दिसतात, त्यातही झडपा नीट न मिटल्याने खाली साठणारे रक्तच कारणीभूत असते.

शिरा हे शरीराचे कोठारही आहे. एकूण रक्तापैकी सुमारे ६० ते ७० टक्के रक्त कोणत्याही क्षणी शिरांत असते. अपघातात रक्तस्राव झाला की शिरा आकुंचन पावून हा साठा उपलब्ध करून देतात आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मोलाचा वेळ मिळतो.

वाहिन्या कशा बिघडतात

आतले अस्तर दुखावले गेले की आजाराची सुरुवात होते. त्याला दुखावणारी मुख्य कारणे चार : वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर, रक्तातील अपायकारक मेद आणि तंबाखू. दुखावलेल्या अस्तरातून मेदाचे कण भिंतीत शिरतात, त्यांचा फडशा पाडण्यास आलेल्या पांढऱ्या पेशी तेथेच मेदाने फुगून अडकतात आणि भिंतीत मऊ गर जमू लागतो. त्यावर तंतूंची साय धरते. ही साय फाटली की शरीर ती जखम समजून तेथे गुठळी करते आणि वाहिनी काही मिनिटांत बंद पडू शकते. कित्येकदा साय फाटते ती फारशा अरुंद न झालेल्या जागी. त्यामुळे काल चालता-बोलता माणूस आज झटक्याने जातो आणि घरच्यांना त्याचा अर्थ लागत नाही.

ही प्रक्रिया म्हातारपणी सुरू होत नाही. कोरियन युद्धात मृत्युमुखी पडलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय सुमारे २२ वर्षे होते आणि त्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश जणांच्या हृदयवाहिन्यांत या आजाराच्या खुणा आढळल्या. हे सर्व जण धडधाकट म्हणून सैन्यात घेतले गेले होते.

तंबाखूचा उल्लेख येथे विशेषत्वाने करणे भाग आहे. बर्जर यांनी १९०८ मध्ये सविस्तर वर्णिलेला, हातापायांच्या वाहिन्या बंद पाडणारा आजार आपल्याकडे विडी ओढणाऱ्या, ऐन कमावत्या वयातील पुरुषांत आढळतो. बोटे काळी पडतात आणि अखेर पाय कापण्याची वेळ येऊ शकते. यावर औषधे आणि शस्त्रक्रिया यांचा उपयोग मर्यादित आहे. तंबाखू सर्व स्वरूपांत पूर्णपणे सोडणे हाच अवयव वाचविण्याचा खात्रीचा उपाय होय.

मधुमेहात दुहेरी हानी होते. वाहिन्या अरुंद होतात आणि मज्जातंतू बधिर होतात. चप्पल चावली, काटा रुतला, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीने तळवा भाजला, तरी रुग्णाला कळत नाही. आणि जखम भरण्यासाठी लागणारे रक्त तेथे पुरेसे पोहोचत नाही. बोट किंवा पाय गमावण्यामागे बहुधा अशीच एखादी क्षुल्लक, न दुखणारी जखम असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. या आकड्यांकडे आम्ही उद्याच्या वाहिन्यांच्या आजारांची पूर्वसूचना म्हणून पाहतो.

उपचार वाहिन्यांच्या रचनेवरच आधारलेले

डायलिसिसच्या रुग्णाच्या हातावर शस्त्रक्रिया का, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. रक्त शुद्ध करण्यासाठी यंत्राला मिनिटाला साधारण २०० ते ४०० मिलिलिटर रक्त हवे असते. हाताची शीर वरच्या बाजूस आणि सुई टोचण्यास सोयीची असली, तरी तिच्यात एवढा प्रवाह नसतो. धमनीत प्रवाह असतो. पण ती खोल असते आणि तिला आठवड्यातून दोन-तीनदा टोचणे धोक्याचे असते. म्हणून मनगटाजवळ शीर धमनीला जोडतात. याला फिस्टुला म्हणतात. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. धमनीचा जोरकस प्रवाह मिळाल्यावर शीर काही आठवड्यांत रुंदावते आणि तिची भिंत जाड होते. काम बदलले की वाहिनी स्वतःस घडवून घेते. निर्जीव नळीला हे कधीच जमले नसते.

बायपास शस्त्रक्रियेतही हेच तत्त्व दिसते. पायाची शीर काढून हृदयावर बसविताना ती उलटी करून बसवितात, कारण तिच्यातील झडपा अन्यथा प्रवाह अडवतील. हृदयवाहिन्यांच्या अँजिओप्लास्टीची सुरुवात झुरिचमध्ये १९७७ साली आन्द्रेआस ग्रुन्टझिग यांनी केली. आज ती सर्वत्र होते आणि असंख्य प्राण वाचविते. परंतु स्टेंट अरुंद झालेली एक जागा मोकळी करतो. बाकीच्या वाहिन्यांतील आजार तसाच राहतो. म्हणून स्टेंट बसविल्यावर औषधे थांबविणे हा घातक गैरसमज आहे.

पक्षाघातात मेंदूची वाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर ती विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही एकाएकी घडले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता, तपासणीसाठी सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने पोहोचावे.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी

१. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीवर असावा. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढीव येतो.

२. त्रास होत नाही म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नये. गोळी चालू असल्यामुळेच आकडा ठीक आलेला असतो.

३. मधुमेही व्यक्तीचे तळपाय, बोटांच्या बेचक्यांसह, रोज घरातील कोणीतरी पाहावेत. अनवाणी चालणे टाळावे. जखम दुखत नाही म्हणून ती साधी समजू नये.

४. फिस्टुला असलेल्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई किंवा सलाईन लावू देऊ नये, घट्ट बांगडी वा घड्याळ घालू नये. फिस्टुलावर बोट ठेवून जाणवणारी थरथर रोज तपासावी. ती थांबल्यास त्याच दिवशी रुग्णालयात यावे.

५. मूत्रपिंडांचा आजार असल्याचे निदान झाले असेल, तर डायलिसिस सुरू होण्यापूर्वीपासूनच हातांच्या शिरा जपाव्यात. रक्त काढताना शक्यतो तळहाताच्या मागील बाजूची शीर वापरण्याची विनंती करावी.

देणगीदार आणि विश्वस्त यांच्यासाठी

रुग्णालयास मिळणाऱ्या देणग्यांमध्ये यंत्रसामग्रीसाठीच्या देणग्या साहजिकच अधिक असतात. यंत्र दिसते, त्यावर नावाची पाटी लागते, त्याचे उद्घाटन करता येते. अशा देणगीदारांचे आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत. डायलिसिसची यंत्रे आणि अतिदक्षता विभागाची सामग्री त्यांच्याचमुळे उभी राहते. तथापि वर दिलेली माहिती वाचल्यावर एक गोष्ट आपल्याही लक्षात आली असेल. ही यंत्रे बव्हंशी नुकसान झाल्यानंतरची आहेत. नुकसान टाळणारी साधने फारच साधी आहेत.

१७३३ मध्ये इंग्लंडचे स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी घालून उंच काचेच्या नळीत आठ फुटांहून अधिक चढलेले रक्त मोजल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा रक्तदाबाची पहिली नोंद झाली. १८९६ मध्ये इटलीतील रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला बांधावयाचा पट्टा तयार केला आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या ध्वनींवरून दोन्ही आकडे मोजण्याची रीत शोधली. तेव्हापासून हे मोजमाप कोणत्याही खेड्यात, सुई न टोचता, दोन-चार मिनिटांत होऊ शकते. पायातील आणि दंडातील दाबाची तुलना करणारी तपासणीही अशीच सुलभ आहे. हे प्रमाण ०.९ पेक्षा कमी आले, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे समजते. मधुमेही रुग्णांत धमन्या चुन्याने कठीण झाल्यास ते फसवे वाढीवही येते, म्हणून त्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच लावून घ्यावा लागतो.

या कामासाठी कायम लागतात ती माणसे आणि औषधे : पाय तपासणारी प्रशिक्षित परिचारिका, पाळी चुकविलेल्या रुग्णाला घरी फोन करणारा समाजसेवक, गरजू रुग्णाला दरमहा खंड न पडता मिळणाऱ्या गोळ्या, गावागावांतील शिबिरांसाठी वाहन. या खर्चाला पाटी लावता येत नाही आणि दरवर्षी तो पुन्हा करावा लागतो. एकरकमी देणगीतून तो भागत नाही. त्यासाठी ज्याच्या व्याजातून काम चालेल असा कायम निधी हवा. यंत्रांसाठीच्या देणगीतील काही भाग अशा निधीकडे वळविण्याचा विचार आपण करावा, आणि विश्वस्त मंडळाने आगामी अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र शीर्ष उघडावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

या कामाचे यश मोजणे अवघड आहे, याची आम्हांस जाणीव आहे. झालेल्या शस्त्रक्रियांची संख्या अहवालात छापता येते. न कापाव्या लागलेल्या पायांची, सुरू न कराव्या लागलेल्या डायलिसिसची किंवा न आलेल्या झटक्यांची संख्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. वाहिनीचे अस्तर जसे शाबूत असताना जाणवत नाही, तसेच ते राखणारे कामही दिसत नाही. ते अहवालात दिसत नसले तरी अनेक घरांतील कमावता माणूस आपल्या पायांवर उभा राहतो तो त्यामुळेच.